महापौरांची खुर्ची आणि चाळीतला नळ



महापालिकेची निवडणूक होते. गुलाल उधळला जातो, कुठे तो निळाही असतो. एका पक्षाची सत्ता जाते, दुसऱ्याची येते आणि वस्तीत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘आता आपलं काय होणार?’ प्रश्न रास्त आहे. दिल्लीतले सरकार बदलले तर त्याचा परिणाम आपल्या घरापर्यंत यायला वेळ लागतो. महापालिकेचा कारभार मात्र रोज सकाळी आपल्या मोरीत, संडासाच्या रांगेत आणि पोरांच्या शाळेत दिसतो. म्हणून आज मुंबई महापालिकेतल्या एका सत्तांतराची गोष्ट सांगायची आहे. ते सत्तांतर 1957 सालचे आहे, पण त्यातला धडा जुना झालेला नाही.

त्याआधी थोडी मागची पायरी पाहू. महापालिकेत गरिबाला मत आहे हे आज आपण गृहीत धरतो. पूर्वी तसे नव्हते. ज्याची मिळकत, जो कर भरतो, तोच मतदार. पुढे भाडेकरूंना मत मिळाले, तरी भाड्याची अट होतीच. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत होती, त्यातल्या कितीजणांना मत मिळत असेल याचा विचार करा. रस्ते झाडणारा आमचा, गटारे उपसणारा आमचा, पण तो रस्ता कुणी बांधायचा हे ठरवण्याचा हक्क त्याला नाही! प्रौढ मतदानाच्या पायावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती 1948 साली. तेव्हा कुठे खोलीतल्या बाईच्या आणि बंगल्यातल्या शेठजीच्या मताची किंमत सारखी झाली.

मत मिळाले म्हणून सत्ता मिळाली, असे मात्र झाले नाही. महापालिकेवर काँग्रेसचा वरचष्मा होता. स. का. पाटील 1949 ते 1952 अशी सलग तीन वर्षे महापौर होते. आणि 1952 सालची ती जखम तर आपण विसरूच शकत नाही. पहिल्या लोकसभा निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. ज्यांनी घटना लिहिली त्यांना लोकसभेत जाता आले नाही. त्या वेळी बाबासाहेबांचा समझोता समाजवाद्यांशी होता. कम्युनिस्ट विरोधात होते. कम्युनिस्टांनी मते वाया घालवायला लावली, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता न्यायाधिकरणापर्यंत गेले होते. एवढी कटुता होती.

मग पाच वर्षांत असे काय घडले? संयुक्त महाराष्ट्राचा लढा उभा राहिला. 1956 च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. गिरणी कामगार रस्त्यावर आला, गोळीबारात माणसे पडली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि आपले शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समितीत एकत्र आले. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला होता. त्या दुःखातच काही महिन्यांनी 1957 च्या निवडणुकीला आपली माणसे सामोरी गेली.

निकाल काय लागला? त्या काळी काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडून जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मुंबई शहर मध्य मतदारसंघातून कॉम्रेड डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने असे दोघेही विजयी झाले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले, कोपरगावहून बी. सी. कांबळे गेले. पाच वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध उभे असलेले लोक एका व्यासपीठावर आले आणि मतांची बेरीज झाली. त्याच वर्षी मुंबई महापालिकेची निवडणूक झाली. तिथेही समितीने काँग्रेसच्या हातून सत्ता घेतली.

आता त्या सत्तेची वाटणी पाहा. महापौरपदाची मुदत तेव्हा एका वर्षाची होती. 1957 साली मो. वा. दोंदे महापौर झाले. 1958 साली कम्युनिस्ट पक्षाचे एस. एस. मिरजकर झाले. मीरत कटाच्या खटल्यात तुरुंग भोगलेला हा कामगार पुढारी. आणि 1959 साली मुंबईचे महापौर झाले पी. टी. बोराळे, आपले, बाबासाहेबांच्या चळवळीतले. ज्या शहरात आपल्या माणसाच्या वाट्याला झाडू येत होता, त्या शहराच्या पहिल्या नागरिकाच्या खुर्चीवर आपला माणूस बसला. कामाठीपुऱ्यात, नायगावात, माटुंगा लेबर कॅम्पात त्या दिवशी माणसांच्या मनाला काय वाटले असेल, ते सांगायला हवे का?

पण बंधू-भगिनींनो, इथेच थांबलो तर आपण फक्त अभिमानाची गोष्ट सांगितली असे होईल. पुढची गोष्ट कडू आहे. 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला होता. त्याला दोन वर्षे झाली नाहीत तोच पक्षात ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे दोन गट पडले. एकीकडे शहराचे पहिले पद आपल्याकडे आले आणि दुसरीकडे त्याच सुमारास आपले घर दुभंगले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला, समितीचे मुख्य कारण संपले, घटक पक्ष आपापल्या वाटेने गेले. ज्या बेरजेने खुर्ची मिळाली होती ती बेरीजच उरली नाही.

तसाच प्रसंग पुढे पुन्हा आला. 1985 साली शिवसेनेने महापालिका जिंकली होती. 1992 साली काँग्रेस आणि रिपब्लिकन यांच्या युतीने ती परत घेतली आणि रिपब्लिकन पक्षाचे चंद्रकांत हंडोरे महापौर झाले. पाच वर्षांनी, 1997 साली, सत्ता पुन्हा शिवसेना-भाजपकडे गेली. म्हणजे दोन्ही वेळा आपली मते युतीत निर्णायक ठरली. दोन्ही वेळा सत्ता हातात राहिली नाही.

याचे एक कारण आपली फूट. दुसरे कारण तितकेच मोठे आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. मुंबईच्या महापौरांकडे मान आहे, मोटार आहे, सभागृहाचे अध्यक्षपद आहे. पण कारभाराची सूत्रे आयुक्तांच्या हातात असतात. 1888 च्या कायद्यापासून ही रचना चालत आली आहे. आयुक्त राज्य सरकार नेमते. अर्थसंकल्प आयुक्त मांडतात आणि तिजोरीची चावी स्थायी समितीकडे असते. आपण मिरवणूक काढतो महापौरांची. आपल्या गल्लीतल्या जलवाहिनीला पैसे मिळणार की नाही, हे मात्र स्थायी समितीच्या बैठकीत ठरते. तिथे आपला कोण आहे, हे किती जणांनी कधी विचारले?

नगरसेवक नसला तर काय होते, तेही मुंबईने पाहिले. 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले आणि निवडणूक वर्षानुवर्षे लांबली. त्या काळात सार्वजनिक संडासाचे दार तुटले तर लोकांनी कुणाचे दार ठोठवायचे? वाईट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येते. अधिकाऱ्याला तसे करता येत नाही.

म्हणून माता-भगिनींना विशेष सांगणे आहे. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्याखेरीज अनुसूचित जातींच्या राखीव जागा आहेत. पाण्यासाठी पहाटे उठणारी बाई महापालिकेचे काम कुणाहीपेक्षा जास्त ओळखते. तिने केवळ मतदार राहू नये. उमेदवाराच्या सभेला जाऊन चार प्रश्न विचारावेत आणि जमले तर स्वतः उभे राहावे. पण घरातल्या पुरुषाची सही करणारी म्हणून नव्हे, स्वतःच्या बुद्धीने.

निवडणूक संपल्यावरचे काम तर आणखी महत्त्वाचे आहे. आपली इमारत कुणाची, हे आधी नीट माहीत करून घ्या. बीआयटी चाळी महापालिकेच्या, बीडीडी चाळी राज्य सरकारच्या. चुकीच्या दारात वर्षभर हेलपाटे घालून उपयोग नाही. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, ती जपून ठेवा. फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो, त्याआधी वस्तीची मागणी नगरसेवकाच्या हातात पोचली पाहिजे. प्रभाग समितीत काय ठरले ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. बुद्धविहारात वंदनेनंतर पंधरा मिनिटे या कामाला दिली तरी पुष्कळ होईल.

1957 साली बाबासाहेबांच्या मागे रडत बसण्याऐवजी आपली माणसे मतपेटीकडे गेली आणि दोन वर्षांत मुंबईच्या पहिल्या नागरिकाचा मान त्यांनी मिळवला. त्यांच्यातले कित्येक जण सही करायलाही नुकतेच शिकले होते. आपली मुले आज पदवीधर आहेत. वस्तीचा अर्ज लिहायला आणि त्यासाठी एकत्र बसायला आपल्याला अडचण कसली?

जयभीम!