शिस्त वगैरे ठीक आहे, पण...

जपानहून परत आलेल्या कुठल्याही आयटीवाल्याला विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं: "काय शिस्त आहे रे लोकांना!" आणि लगेच दुसरं: "आपल्याकडे हे कधीच होणार नाही." मी दीड वर्ष टोकियोत निशिकासाईला राहिलो (निम्मी आयटी मंडळी तिथेच भेटतात), आणि मला हे अजिबात पटत नाही. खरं तर रागच येतो. सगळं प्रवाशाच्या माथी मारून मोकळं व्हायची ही सोपी युक्ती आहे.

गर्दीचंच घ्या. निशिकासाई तोझाई लाइनवर येतं. या लाइनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ साली सकाळी क्षमतेच्या १९९ टक्के माणसं असायची. तिथेही लोक चेंगरतातच. फरक जोडणीत आहे. तोझाईच्या काही गाड्या नाकानोला न संपता तशाच जेआरच्या रुळांवरून मिताकापर्यंत जातात. कंपनी बदलते, ड्रायव्हर बदलतो, तुम्ही जागेवर पेंगत बसलेले.

हा प्रकार तिथे १९६० मध्ये सुरू झाला. सरकारी तोएई सबवे आणि खासगी केइसेइ रेल्वे यांच्या गाड्या एकमेकांच्या रुळांवर जाऊ लागल्या. त्यासाठी केइसेइने आदल्या वर्षी आपल्या रुळांची रुंदी १३७२ मिलिमीटरवरून १४३५ केली. प्रवाशाला एकदा उतरावं लागू नये म्हणून चालू रेल्वेचे रूळ बदलले! आपल्याकडे मुंबईची लोकल १६७६ मिलिमीटरवर आणि मेट्रो १४३५ वर. उद्या दोन्ही खात्यांची गळाभेट झाली तरी मेट्रोची गाडी लोकलच्या रुळावर जाणार नाही. वळणं, जागा अशी कारणं असतील, मान्य. पण मग तिकीट तरी? टोकियोत सुइका कार्ड २००१ मध्ये आलं, पास्मो २००७ मध्ये, आणि २०१३ पासून देशातली दहा कार्डं एकमेकांच्या गेटवर चालतात. भाडं प्रत्येक कंपनी वेगळंच घेते, तिथेही कोणी धर्मादाय नाही. पण हिशेब गेट करतं. मुंबईत अकरा संस्थांना एकत्र आणणारं 'मुंबई वन' ॲप ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं. उशिरा का होईना, आलं. असो.

माझी आई अडीच महिने माझ्याकडे होती. तिला मराठी आणि अहिराणी येते, इंग्रजीतले फक्त आकडे कळतात. टोकियोच्या सबवेने २००४ पासून प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि नंबर दिलाय. आकाशी गोलात टी, खाली आकडा. निशिकासाई १६, ओतेमाची ९. जाताना आकडे उतरतात, येताना चढतात, एवढंच तिला सांगितलं. आठवड्याभरात म्हणाली, "आते मी एकलीच जासू." आणि गेली, फिरली, परतही आली. हीच बाई पिंपळनेरहून मुंबईला एकटी निघत नाही. तिची शिस्त विमानात बदलली का?

पिंपळनेरला रेल्वे नाही. एसटीने साक्री, मग धुळे. धुळ्यालाही रूळ संपतात, कारण तो चाळीसगावहून आलेला ५६ किलोमीटरचा फाटा. बसचं वेळापत्रक एका खात्याचं, गाडीचं दुसऱ्याचं. बस उशिरा आली तर गाडीला त्याचं सुतक नाही, आणि गाडी उशिरा आली तर शेवटची बस थांबत नाही. मधला वेळ, मधली रिक्षा, मधली धाकधूक सगळी प्रवाशाच्या खात्यात. आपण दोन मोड्यूल्स लिहिली, ती एकमेकांशी बोलतच नाहीत, आणि युजरला सांगितलं की बाबा रे, इथला डेटा तू हाताने तिथे टाईप कर, तर क्लायंट आपल्याला उभं करेल का? आणि वर म्हणायचं, युजरला शिस्त नाही!

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, धुळ्यावरून. आमच्याकडे सगळे खूश आहेत, मीही आहे. पण माझा प्रश्न रुळांचा नाही. रात्री धुळ्याला उतरलेल्या माणसाला साक्री-पिंपळनेरची बस किती वाजता आहे, हे त्याच स्टेशनवरच्या फलकावर लिहिलेलं असेल का? आणि गाडी वीस मिनिटं लेट असली, तर ती बस थांबेल का? याला अठरा हजार कोटी लागत नाहीत. दोन अधिकाऱ्यांना एका टेबलाशी बसावं लागतं.