धमतरीची छोटी गाडी

रायपूर स्टेशनापासून शहर कापत केंद्रीच्या दिशेने एक द्रुतगती रस्ता जातो. मोटारी त्यावरून भन्नाट सुटतात. याच पट्ट्यावरून शंभराहून अधिक वर्षे एक आगगाडी रमतगमत जात असे, हे नव्या पिढीला सांगावे लागते.

रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. बंगाल नागपूर रेल्वेने 1900 साली हा मार्ग धमतरीपर्यंत सुरू केला, तेव्हा छत्तीसगड दुष्काळाने होरपळत होते. पुढे धमतरीकडचा तांदूळ आणि जंगलातले लाकूड या गाडीने रायपूरला येऊ लागले. अभनपूरला फाटा फुटे तो राजिमसाठी. तिथे महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे, राजीवलोचनाचे देऊळ आहे. माघी पौर्णिमेच्या जत्रेला निघालेल्या माणसाला गाडीच्या वेगाची तक्रार नसे. भाकरतुकड्याचे गाठोडे सोडावे, शेजारच्याशी दोन गोष्टी बोलाव्यात, तोवर राजिम येई.

शहर वाढले आणि फाटकांवर वाहने तुंबू लागली. 2017 मध्ये रायपूर ते केंद्री हा भाग बंद झाला. पुढचे अरुंद रूळही रुंदीकरणासाठी निघाले. 30 मार्च 2025 रोजी अभनपूरहून रायपूरला मोठ्या रुळांवरची मेमू गाडी निघाली, ती मंदिर हसौदमार्गे. तिचा कोणी दुस्वास करू नये. रोज कामाला जाणाऱ्याला वेळेवर पोहोचायचे असते.

प्रश्न आहे तो जुन्या गाडीचे काय राखायचे, हा. कुटुंबासह नागपूरला गेलात तर मोतीबागेतले अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. ते 2002 च्या डिसेंबरात उघडले. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात घडलेले 677 क्रमांकाचे वाफेचे इंजिन तिथे आहे. मुले त्याच्यापाशीच रेंगाळतात, आणि ते साहजिकही आहे.

पण इंजिन म्हणजे गाडी नव्हे. इंजिन लोखंडाचे, वर्षाआड रंगाचा हात दिला की उघड्यावरही टिकते. म्हणून आपल्याकडे कित्येक स्टेशनांबाहेर इंजिने चौथऱ्यावर चढलेली दिसतात. जुन्या डब्याचे तसे नसते. त्यात लाकूड असते, छताला गळती लागते, जमीन कुजते. त्याला वर छप्पर हवे आणि दुरुस्तीला सुतार हवा. एवढी उस्तवार होते ती राजेरजवाड्यांच्या डब्यांची. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्ससाठी 1875 मध्ये बांधलेला डबा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा 1899 चा डबाही आहे. तिसऱ्या वर्गाचा साधा डबा मात्र भंगारात जातो. हा वर्ग 1974 पर्यंत होता, आणि निम्म्याहून अधिक हिंदुस्थान त्यातूनच हिंडला!

नागपूर आणि रायपूर हे दोन्ही विभाग आज एकाच दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत आहेत. धमतरीच्या गाडीचा एखादा डबा लाकडी बाकांसह, खिडकीच्या गजांसह छपराखाली ठेवायला फार मोठी जागा लागणार नाही. शेजारी त्या मार्गावरच्या स्टेशनांच्या पाट्या आणि पुठ्ठ्याची तिकिटे ठेवता येतील. आणि दार उघडे असावे. काचेबाहेरून पाहायला तो महाराजांचा डबा नव्हे. राजिमच्या आजीला नातवाला घेऊन त्या बाकावर बसता आले पाहिजे.