धुराडे, चिमणी आणि एक पितळी साखळी

चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधले (१८४९-५०) यार्मथच्या किनाऱ्यावरचे पेगटींचे घर इंग्रजी साहित्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. लहानगा डेव्हिड घर शोधत असतो आणि त्याला दिसते ती कोरड्या जमिनीवर स्थिरावलेली एक जुनी काळी नौका. तिच्यातून वर आलेल्या लोखंडी नळीतून धूर निघत असतो. हेच ते घर, हे त्याच्या पटकन ध्यानात येत नाही. या प्रसंगावर मी वीसेक वर्षे वर्गात बोललो. धूर म्हणजे चूल, चूल म्हणजे संसार, म्हणून ती नळी उबेचे प्रतीक, अशी ती साखळी होती. विद्यार्थी निमूटपणे लिहून घेत आणि परीक्षेत तसेच परत करीत.

हे विवेचन चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. ते आळशी होते. वस्तू दिसली की तिच्यावरून उडी मारून थेट अर्थाकडे जायचे, ही आपल्या अध्यापनाची जुनी खोड आहे, आणि तिचा तोटा काय होतो हे मला एका नौकेवरच्या हातभर लांबीच्या धुराड्याने शिकवले. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

माझी भाची गेली काही वर्षे मध्य इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कालव्यावर एका नॅरोबोटीवर राहते. नॅरोबोट म्हणजे सात फुटांहूनही किंचित कमी रुंदीची, पण सत्तर फुटांपर्यंत लांब असू शकणारी कालव्यातली नौका. तिची रुंदी ठरवली ती अठराव्या शतकात बांधलेल्या अरुंद जलपाशांनी. रेल्वे आल्यावर भाडी घसरली, तेव्हा नावाड्यांनी किनाऱ्यावरची घरे सोडून बायकामुलांसह नौकेच्या मागल्या टोकाच्या खोलीत संसार थाटले. ही खोली जेमतेम दहा फूट लांब असे. तिच्यात शिरताच डाव्या हाताला कोळशाची बंद लोखंडी शेगडी, आणि तिची नळी छपरातून वर. या वस्तीची दखल घेऊन १८७७ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि राहत्या नौकांची नोंदणी सुरू झाली. एका खोलीत किती माणसांनी राहावे हेही त्यातून ठरू लागले.

पेगटींची नौका जमिनीला खिळलेली आहे. (‘फिझ’च्या चित्रात ती चक्क उलटी आहे, डिकन्सच्या मजकुरात तसे काही नाही. पण चित्र मजकुराहून चिवट असते. असो.) तिला कधीच पुलाखालून जायचे नाही, म्हणून तिचे धुराडे कायमचे असले तरी चालते. कालव्यावरच्या नौकेचे मात्र सारे दुखणे इथेच सुरू होते. धूर वर ओढला जावा म्हणून धुराडे उंच हवे, आणि पूल, बोगदे, ओणवलेली झाडे यांतून निभावून जायचे तर ते बुटके हवे. इंग्लंडातल्या घरात शेगडीपासून धुराड्याच्या टोकापर्यंत साधारण साडेचार मीटर उंची असावी असा दंडक आहे; नॅरोबोटीत ती दोन मीटरच्या आसपासच मिळते. त्यामुळे हवेची ओढ मुळातच दुबळी. यावर नावाड्यांनी काढलेला तोडगा असा, की छपरावर एक भक्कम कॉलर बसवायची आणि धुराड्याचा वरचा तुकडा तिच्यावर नुसता ठेवायचा. पूल आला की उचलायचा. उचलायला विसरले आणि पुलाने तो उडवला, तर पाण्यात जाऊ नये म्हणून पितळी साखळी. जुन्या नौकांच्या धुराड्यांवर घासूनपुसून चकचकीत केलेल्या पितळेच्या तीन पट्ट्या असत आणि त्या घरच्या बाईच्या टापटिपीची खूण मानल्या जात. त्या पट्ट्या प्रतीक आहेत असे कोणी म्हणाल्यास माझी हरकत नाही. पण रोज घासणारीला आधी त्या पट्ट्या होत्या.

आज असे धुराडे विकत घ्यायचे झाल्यास भाचीच्या मते पहिला प्रश्न एकपदरी की दुपदरी हा. एकपदरी नळी स्वस्त. पण बाहेरच्या गारठ्यात तिच्यातला धूर लगेच थंड होतो, त्यातला डांबरी चीक आतल्या बाजूस साकळतो आणि कॉलरच्या फटीतून बाहेर येऊन छपरावर, तिथून रंगवलेल्या भिंतीवर ओघळतो. दुपदरी धुराड्यात आतली नळी कॉलरच्याही खाली उतरते. धूर गरम राहतो, ओढ टिकते, आणि जो चीक होतो तो खाली आगीत पडून जळतो. मग धातू. साधे पोलाद रंग देऊन वापरले तरी काही हिवाळ्यांत गंजून चाळणी होते. स्टेनलेस स्टील महाग पण टिकाऊ. आतल्या नळीचा व्यास शेगडीच्या तोंडाहून कमी असता कामा नये. दुकानदार देखणेपणावर बोलतो, तो भाग ऐकून सोडून द्यावा.

निगा राखणे ही त्याहून लांबलचक गोष्ट. ब्रश वरून घालून काजळी काढायची हे कोणीही सांगेल. पण शेगडीच्या आत, आगीच्या वर, एक आडवी लोखंडी पत्री असते. वरून पाडलेली काजळी तिच्यावर साठते आणि धुराची वाट आतूनच बुजते. म्हणून पत्री काढून साफ केल्याशिवाय धुराडे साफ झाले असे समजू नये. कॉलर आणि छप्पर यांमधला लेप नौकेच्या हादऱ्यांनी आणि तापण्या-निवण्याने तडकतो. तिथून पावसाचे पाणी शेगडीवर येते, आणि कधी धूर खोलीत. लाकडात वीस टक्क्यांहून कमी ओल असावी. नौका सोडून काही दिवस जायचे तर वरचा तुकडा काढून आत ठेवायचा आणि भोकावर झाकण घालायचे, कारण धुराडी चोरीलाही जातात.

हे सारे मी २०२३ च्या जानेवारीत पाहुणा म्हणून ऐकले, कौतुकाने मान डोलावली आणि विसरलो. तिसऱ्या रात्री भाची झोपल्यावर शेगडी मंदावली. मी ओलसर दिसणारी दोन लाकडे आत सारली आणि सकाळपर्यंत निखारा टिकावा म्हणून हवेची झडप पुरती बंद केली. आजोळच्या चुलीत विस्तव राखेखाली झाकून ठेवत, तसे काहीतरी आपण करतो आहोत असे मला वाटले. इतकेच नव्हे, त्यावर एक ललितलेख होईल असेही वाटले. बाहेर वारा पडलेला होता. पहाटे तीनच्या सुमारास छताजवळचे यंत्र किंचाळू लागले. मी उठून बसलो तो डोके जड, आणि हे कशाचे यंत्र ते आठवेना. भाचीने दोन्ही दारे उघडली. “मामा, चष्मा राहू दे, आधी बाहेर ये!” एवढेच ती बोलली. काठावरच्या गवतावर कांबळी पांघरून आम्ही तासभर उभे होतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. एप्रिल २०१९ पासून तिथल्या नौका-सुरक्षा योजनेने राहत्या नौकांवर त्याचा गजर बंधनकारक केला, म्हणून हा लेख लिहिला जात आहे. सकाळी पाहिले तेव्हा धुराड्यावरच्या टोपीखाली डांबराचा थर जमून वाट अर्धी बुजलेली होती. उरलेली ओढ मी माझ्या हाताने बंद केली होती.

त्या टोपीचे नाव सांगायचे राहिले. पाऊस आत पडू नये म्हणून धुराड्यावर बसवायच्या या शंकूसारख्या झाकणाला तिथले नावाडी ‘कूली हॅट’ म्हणतात. आकार पूर्व आशियातल्या बांबूच्या टोपीचा. शब्द मात्र आपल्या बाजूचा. त्याचे मूळ गुजरातेतल्या कोळी समाजाच्या नावात आहे की मजुरी या अर्थाच्या तमिळ ‘कूलि’त, याची चर्चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशापासून चालू आहे. मळ्यांवर आणि जहाजांवर लादून नेलेल्या माणसांचा हा शब्द इंग्लंडातल्या एका कालव्यावर धुराड्याचे झाकण होऊन बसला आहे. वसाहतोत्तर समीक्षेवर वर्षभर व्याख्याने देणाऱ्या माझ्या कानावर तो तीन दिवस पडत होता. मी ‘छान नाव’ म्हणून पुढे गेलो होतो.

कोणी म्हणेल, कादंबरी वाचण्यासाठी शेगडी दुरुस्त करता आली पाहिजे काय? नको. पण एल. टी. सी. रोल्टचे ‘नॅरो बोट’ (१९४४) किंवा दुसऱ्या महायुद्धात मालवाहू नौका चालवणाऱ्या तरुणींवरचे एमा स्मिथचे ‘मेडन्स ट्रिप’ (१९४८) यांना आपण ‘प्रवासवर्णन’, ‘आठवणी’ अशा कप्प्यांत टाकून दुय्यम ठरवतो, तेव्हा वस्तू आणि श्रम यांना भाषेत जागा देणारे गद्यच आपण अभ्यासाबाहेर ठेवतो. पेनेलपी फिट्झजेराल्डच्या ‘ऑफशोअर’ला १९७९ चे बुकर मिळाले म्हणून ती अभ्यासक्रमात येऊ शकते. ती स्वतः थेम्सवरच्या एका जुन्या बार्जवर राहिली होती आणि ती बार्ज बुडाली. वर्गात मात्र ‘अधांतरी अस्तित्वाचे रूपक’ एवढेच उरते. पाणी शिरते ते आधी तळातून.

मराठी अनुवादकापुढचा पेच निराळाच. ‘चिमणी’ म्हटले की आपल्याला पक्षी दिसतो, रॉकेलचा दिवा दिसतो, नाहीतर गिरणगाव. ‘धुराडे’ जवळचे, पण ते ऐकून कोणी हाताने उचलून बाजूला ठेवायची वस्तू डोळ्यांपुढे आणणार नाही. माळवदाच्या घराला धूर जाण्यासाठी छतात ठेवलेले साणे आहे, पण ते नुसते भोक. उचलण्याजोगे त्यात काही नाही. आणि ‘स्टोव्ह’ लिहावा तर मराठी वाचक पंप मारू लागतो. एका विद्यार्थिनीने परवा या प्रकारच्या उताऱ्यात ‘छपरावरचे काढते धुराडे’ असे केले. मी ते खोडले नाही. ‘कूली हॅट’पाशी मात्र ती अडून बसली आहे: ‘टोपी’ लिहिले तर शब्दाचा इतिहास जातो, ‘हमालाची टोपी’ लिहिले तर धुराडे जाते. तिने दोन्ही कागदावर लिहून ठेवले आहे आणि निर्णय पुढच्या तासावर ढकलला आहे.