हरल्यानंतरची शर्यत कोणाला मिळते?

ऑगस्ट 2023. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीतच बाद झाला. वेळ 8 मिनिटे 22.24 सेकंद. 1 ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने 8 मिनिटे 19.50 सेकंदांत सुवर्ण जिंकले. फरक तीन सेकंदांहूनही कमी! कालचा 'अपयशी' आज 'गुणवंत' ठरला.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या, कष्टकरी आईबापाच्या या पोराची जिद्द आम्हाला मान्यच आहे. पण नुसत्या जिद्दीने पोट भरत नाही. हरून परतल्यावर त्याच्या पाठीशी महार रेजिमेंटची नोकरी होती, पगार होता, प्रशिक्षक होता. याच रेजिमेंटच्या 1941 च्या उभारणीसाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला होता.

आमच्या वस्तीतला पोरगा भरतीत एकदा नापास झाला की दुसऱ्या दिवशी मजुरीला जातो. त्याला दुसरी शर्यतच मिळत नाही. वर 'गुणवत्ता नाही' असा शिक्का बसतो. मित्रहो, सत्कार पुरे झाले. वस्तीला मैदान, वसतिगृह आणि वेळेवर शिष्यवृत्ती मिळेपर्यंत लढूया.

जय भीम!