बेडूक बांधीतच राहू द्या!

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि बांधीत रात्रभर बेडकांचा गजर सुरू झाला. पुण्याहून सुटीवर आलेला आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, फ्रान्समध्ये बेडकाच्या तंगड्या आवडीने खातात. येत्या रविवारी घरी करू या का?" आजीने पदर नाकाला लावला. मी मात्र रागावलो नाही. कोणी काय खावे यावरून नाक मुरडणे मला पटत नाही. तरीही मी नाही म्हटले. त्याची कारणे सोवळ्याओवळ्याची नव्हेत, आरोग्याची आहेत.

फ्रान्समध्ये ल्योन शहराजवळ दोंब नावाचा तळ्यांचा मुलूख आहे, आपल्या भंडाऱ्यासारखाच. तंगड्या मैद्यात घोळवून लोण्यात परतायच्या, वरून लसूण आणि पार्सलीचा पाला घालायचा, हा तिथला प्रसिद्ध पदार्थ. पण आज फ्रान्स स्वतःचे बेडूक कायद्याने राखतो आणि तंगड्या मुख्यतः इंडोनेशियातून मागवतो. एकेकाळी भारतही हजारो टन तंगड्या परदेशी पाठवीत असे. बेडूक घटले, तर पिकावरची कीड वाढेल, ही चिंता होतीच. अखेर १९८७ साली ही निर्यात बंद झाली. पावसाळ्यात पिवळाधमक दिसणारा आपला मोठा बेडूक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला पकडणे गुन्हा आहे.

आता आरोग्याचे पाहू. बेडूक किड्यांवर जगतो. फवारणी झालेल्या बांधीतले विष किड्यांतून आणि पाण्यातून त्याच्या अंगात जाते, तिथून खाणाऱ्याच्या पोटात. साल्मोनेलासारखे जुलाब-तापाचे जंतूही त्याच्याकडे असतात. पण मोठा धोका वेगळाच आहे. धानावरचे तुडतुडे आणि पतंग खाणारा हा फुकटचा गडी गेला, की फवारणीचा पंप वारंवार पाठीवर घ्यावा लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. पाऊस लांबला की धोंडी काढणाऱ्या आपल्या लोकांना बेडकाचे मोल वेगळे सांगायला नको.

मुलाचा हिरमोड होऊ नये म्हणून आम्ही तोच पदार्थ तलावाच्या झिंग्यांचा केला. खरी चव लोण्या-लसणाची असते! अर्धा किलो ताजे झिंगे सोलून, पाठीतला काळा दोरा काढून स्वच्छ धुतले. मीठ, मिरपूड लावून थोड्या तांदळाच्या पिठात घोळवले. दोन चमचे लोण्यात आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या परतून झिंगे टाकले. ते लालसर होऊन आतपर्यंत पांढरे दिसले, की उतरवायचे. वर लिंबू आणि भरपूर कोथिंबीर. सोबत चिन्नोरचा भात.

हृदयविकार असलेल्यांनी लोणी कमी करावे. झिंगे खाल्ल्यावर अंगाला पित्त उठत असेल किंवा ओठ सुजत असतील, तर त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. वास येणारे झिंगे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

सांगायचे तात्पर्य, परदेशी पदार्थ अवश्य करावा, पण त्यातली रीत घ्यावी आणि जिन्नस आपल्या मातीतला निवडावा. त्या रविवारी मुलगा ताट चाटूनपुसून उठला. बाहेर बेडूक ओरडतच होते. त्यांचे जेवण बांधीत चालू होते, आणि त्यातच आपले भले आहे.