राणीछाप रुपयाचे मोल

२०२५ साली सोन्याने दहा ग्रॅममागे आणि चांदीने किलोमागे लाखाचा आकडा ओलांडला आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटातले रुपये एकाएकी घरोघर चर्चेत आले. ‘आजीचे पाच राणीछाप आहेत, काय येतील?’ हा प्रश्न मला त्या वर्षी लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्यालाही विचारला गेला. नाणी जमवणारा अशी ओळख झाली, की लोक आपल्याला सराफच समजू लागतात.

उत्तर सोपे आहे आणि बहुतेकांची निराशा करणारे आहे. व्हिक्टोरिया राणीचा किंवा पाचव्या जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. त्यात चांदी शेकडा ९१.७, निव्वळ चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, सहाव्या जॉर्जच्या रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, घरीच पाहता येईल. दिसायला तिघे भाऊ. सराफाच्या पेढीवर मात्र सख्खे सोडाच, चुलतही नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांचेही तेच. गांधी जन्मशताब्दीचे १९६९ चे दहा रुपयांचे नाणे पंधरा ग्रॅमचे, त्यात चांदी बारा ग्रॅम. पुढे बरीच वर्षे निघालेली शंभर रुपयांची स्मारक नाणी ३५ ग्रॅमची, पण चांदी निम्मीच. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. टांकसाळीची सुबक डबी उघडताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझ्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांनी फंडाच्या पैशांतला मोठा हिस्सा अशा डब्यांत घातला. ‘चांदी आहे, बुडणार थोडीच!’ हे त्यांचे म्हणणे. पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी डब्या बाजारात नेल्या, तेव्हा व्यापाऱ्याने काटा पुढे सरकवला आणि निम्म्या चांदीचा भाव सांगितला. त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. हौशी गिऱ्हाईक भेटेपर्यंत नाण्याला धातूचीच किंमत, आणि गरज हौशी गिऱ्हाइकासाठी थांबत नाही. ज्याला चांदीच घ्यायची आहे, त्याने शुद्धतेचा शिक्का असलेली वळी किंवा बिस्किट घ्यावे, पावती जपावी आणि मोडीचा भाव आधी विचारावा.

त्याहून वाईट धंदा वैष्णोदेवीच्या २०१२ च्या नाण्यांचा. पाच-दहा रुपयांच्या या नाण्याला लाखो मिळतील, आधी ‘नोंदणी शुल्क’ भरा, असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. तरी फसणारे फसतातच.

आणि कृपा करून जुने रुपये चिंच-राखेने घासू नका! काळपट थर गेला, की संग्राहकाच्या लेखी नाण्याची निम्मी किंमत गेली.

मुलांना मात्र हा नाद जरूर लावावा. सालाखाली हिऱ्याची खूण असली तर नाणे मुंबईचे, चांदणी असली तर हैदराबादचे, ठिपका नोएडाचा, काहीच नसले तर कोलकात्याचे. शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे आणि ज्ञानेश्वरांचा रुपया, दोन्ही १९९९ चे. भाजीवाल्याच्या गल्ल्यात ती अजून अधूनमधून सापडतात, दर्शनी किमतीला.