उचलीचा फास सोडवा

दिवाळी सरली, की पारोळा परिसरातून ऊसतोड टोळ्या कारखान्यांची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांचा हिशेब एकत्र. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. आजारपणाचा खाडाही दंड होऊन अंगावर चढतो. माणसाला कर्जापोटी असे बांधून ठेवणे १९७६च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा ठरवले, ते कर्जही रद्द केले. तरी 'मजूर मुकादमाचे' म्हणत कारखाने हात झटकतात. अशा मजुरीतून निघालेली साखर कोका-कोला, पेप्सिकोसारख्या कंपन्यांपर्यंत जाते, हे २०२४मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जगापुढे मांडले. खरेदीदार कंपन्यांनी दराबरोबर मजुरीचा हिशेबही कारखान्यांकडे मागावा. कारखान्यांनी प्रत्येक बाईची मजुरी तिच्याच खात्यात भरावी आणि वेठबिगार कायद्याखालील दक्षता समित्यांनी टोळ्यांच्या गाड्या भरण्यापूर्वीच उचलीची चौकशी करावी.